फोटो नको, फाईल द्या



आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड आहे. कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी आमच्या हातातल्या हत्याराच्या मापाचा करून घ्यायचा, आणि मग सुटला म्हणून जाहीर करायचं. सध्याचं हत्यार अर्थातच एआय. छातीचा एक्स-रे मशीन वाचणार, सीटी स्कॅन मशीन वाचणार, रेडिऑलॉजिस्ट घरी बसणार, वगैरे वगैरे. यातलं काही खरंही आहे. पण लहान मुलांच्या फुप्फुसांच्या एका आजारगटापुरतं माझं मत साफ उलटं आहे. तिथे टंचाई हुशार मॉडेलची नाही, साध्या कंटाळवाण्या पाइपलाइनची आहे. सीटी एकदाच काढावा, नीट काढावा, आणि त्याची पूर्ण फाईल ती वाचता येणाऱ्या माणसापर्यंत पोचावी. बस, एवढंच! आणि हे ‘एवढंच’ बऱ्याचदा होत नाही.

आधी आजाराविषयी. इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी. ढोकळ्याची जाळी डोळ्यांसमोर आणा. भोकं म्हणजे वायुकोश, हवा येते ती तिथे. नेहमीच्या न्यूमोनियात ही भोकं पू-पाण्याने भरतात. आयएलडीत मुख्य बिघाड असतो तो भोकांच्या मधल्या पातळ भिंतींत. त्या सुजतात, जाड होतात, आणि हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरताना अडखळतो. हा एकच आजार नाही. दोनशेच्या आसपास वेगवेगळ्या आजारांचं हे एकत्र कुटुंब आहे. त्यातले काही फक्त तान्ह्या मुलांतच दिसतात. उलट मोठ्या माणसांतला सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकार, ज्याला आयपीएफ म्हणतात, तो मुलांत होत नाही. मुलांच्या या गटाला इंग्रजीत ‘चिल्ड्रन्स इंटरस्टिशियल लंग डिसीज’ म्हणतात आणि त्याचं लघुरूप होतं ‘चाइल्ड’. डॉक्टर लोकांनाही कोट्या सुचतात तर :)

घरच्यांना काय दिसतं? बाळ भराभर श्वास घेतं, दूध पिताना दमतं, छाती उडते, बाळसं धरत नाही. खोकला कधी असतो, कधी नसतोही. म्हणजे गावातल्या कुठल्याही दवाखान्यात रोज दिसणाऱ्या दहा गोष्टींपैकीच सगळ्या.

आता जागा ठरवू. शिरूर आणि दौंड. कारण साधं आहे. खराडीत नाहीतर मगरपट्ट्यात बसून आपण जे काही ‘ग्लोबल हेल्थ’चं सॉफ्टवेअर लिहितो, त्या इमारतींपासून नगर रस्त्याने निघालं की शिरूर आणि सोलापूर रस्त्याने निघालं की दौंड. दोन्ही पुणे जिल्ह्यातलेच तालुके. तुमच्या टीममधले दोघंतिघं तरी तिकडचे असतील.

एक ढोबळ हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेसात लाखांच्या वर होती. त्यातली तिसरा हिस्सा मुलं धरली तर अडीच लाख. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत दर दहा लाख मुलांमागे या आजाराची ३.६ मुलं असावीत असा अंदाज निघाला. फ्रान्समधल्या अलीकडच्या नोंदींतून हाच आकडा सुमारे ४४ निघतो. दसपटीहून जास्त! मुलांची फुप्फुसं काही तीस वर्षांत दसपटीने बिघडली नाहीत. तपासण्या सुधारल्या, व्याख्या बदलल्या आणि शोधणारे वाढले. पहिला आकडा आपल्या दोन तालुक्यांना लावला तर एक मूल, दुसरा लावला तर अकरा. म्हणजे एक ते अकरा मुलं आत्ता तिकडे कुठेतरी असतील. कुठे, ते शोधायचं आहे.

समजा, न्हावऱ्याच्या बाजूच्या एखाद्या वस्तीवरचं आठ महिन्यांचं बाळ आहे. आधी सर्दी-खोकल्याचं औषध, मग मशीनची वाफ, मग अँटिबायोटिक. शिरूरला एक्स-रे. त्यात एक तर काहीच दिसत नाही (आयएलडीत सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो) किंवा दोन्ही बाजूंना बारीक धूसर जाळं दिसतं. असं जाळं दिसल्यावर आपल्या देशात कुणाच्याही मनात पहिलं नाव येतं ते टीबीचं. यात त्या डॉक्टरांचा दोष काढण्याची घाई नको. दोन तालुक्यांत मिळून अकरा मुलं असतील, तर गावच्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत असं एखादं मूल भेटणार. टीबी आणि न्यूमोनिया मात्र त्याच्या दारात रोजचे. आपल्या भाषेत, त्याने बेस रेटवर पैज लावली, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती बरोबरच आहे. प्रश्न त्या एकाचा आहे. औषधांना महिनोन् महिने दाद न देणाऱ्या त्या एका बाळाला पुढे कोण आणि कसं पाठवणार?

पुढे म्हणजे सीटी स्कॅन. इथे आपल्या जातीचा एक माणूस भेटतो. सीटी ज्याने प्रत्यक्षात आणला तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता, इंग्लंडच्या ईएमआय कंपनीत काम करणारा इंजिनियर होता. १९७१ मध्ये त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञासोबत त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. घनता मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि निरोगी फुप्फुस हवेच्या जवळ, उणे ७०० ते ८५० च्या दरम्यान.

म्हणजे सीटी हा फोटो नाहीच. ते आकड्यांचं टेबल आहे. शरीराचा एकेक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात साधारण ४०९६ पायऱ्यांपैकी एक आकडा. साध्या पडद्यावर राखाडीच्या २५६ छटा दिसतात. म्हणून रेडिऑलॉजिस्ट ‘विंडो’ बदलत जातो. फुप्फुस पाहायला एक खिडकी, हृदय आणि गाठी पाहायला दुसरी, हाडांना तिसरी. मूळ आकडे हातात असतील तरच हे जमतं.

आणि आपल्याकडे रुग्णाच्या हातात काय पडतं? मोठा पिवळा-पांढरा लिफाफा, त्यात दोन-तीन फिल्म. एकेका फिल्मवर वीस-तीस छोटी चित्रं, एकाच खिडकीत कायमची गोठवलेली. काप पाच-पाच मिलिमीटर जाडीचे असतील तर बारीकसारीक तपशील सरासरीतच विरघळून जातो. मग तो लिफाफा ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलवर फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी चेपणार. वर ट्यूबलाइटचा चट्टा नेमका उजव्या फुप्फुसावर! आयएलडीत जी खूण शोधायची असते तिला रेडिऑलॉजीत ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात, म्हणजे आपली दुधी काच. फुप्फुसाचा भाग पूर्ण पांढरा होत नाही, नुसता धुरकटतो, मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. दुधी काच ओळखायची, तीसुद्धा चेपलेल्या फोटोच्या फोटोवरून. कोण ओळखणार?

मग मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणतात, यावरून काही सांगता येत नाही, सीटी परत काढा. परत म्हणजे बाळाला परत झोपेचं औषध, घरच्यांना परत खर्च, पुन्हा एकदा वाघोलीचं ट्रॅफिक, आणि परत किरणोत्सर्ग.

शेवटचा मुद्दा जरा आकड्यांत. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून अधिक, लहानपणी किंवा तरुण वयात सीटी काढलेल्या लोकांचा अभ्यास आला. त्याचा अंदाज असा, की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचा एकेकदा सीटी काढला तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या ट्यूमरचा एक रुग्ण वाढतो. हा धोका छोटा आहे. गरज असेल तेव्हा सीटी टाळण्याइतका तर नक्कीच नाही. पण फाईल मिळाली नाही एवढ्या कारणासाठी दुसऱ्यांदा घेण्याइतका क्षुल्लकही नाही. अमेरिकेत बालरेडिऑलॉजिस्टांनी २००८ मध्ये ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम काढली ती याचसाठी. गरज असेल तरच काढा, मुलाच्या वजनाप्रमाणे डोस कमी करा, एकदाच काढा, आणि हवा तेवढाच भाग घ्या.

शिवाय तान्ह्या बाळाचा सीटी ही स्वतंत्र कला आहे. मोठ्या माणसाला ‘श्वास रोखा’ म्हटलं की तो रोखतो. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही. बाळ मिनिटाला तीस-चाळीस श्वास घेतं, चित्र हलतं. भूल दिली तर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो आणि दबलेलं फुप्फुस हुबेहूब दुधी काचेसारखं दिसतं! म्हणजे आजार नसताना आजार. यावरही उपाय आहेत. भूलतज्ज्ञ मास्कमधून बेताचा दाब देऊन फुप्फुस फुगवतो आणि क्षणभर श्वास थांबवतो. श्वास सोडलेल्या अवस्थेतलं चित्र हवं असेल तर बाळाला कुशीवर झोपवतात. खालच्या बाजूचं फुप्फुस आपोआप श्वास सोडल्यासारखं वागतं. नव्या वेगवान मशीनवर अख्खी छाती एका सेकंदाच्या आतही टिपता येते. थोडक्यात, मशीन तालुक्यात आलं म्हणजे काम झालं असं नाही. हे काम जिथे रोज बाळं हाताळतात तिथेच व्हावं, भले त्यासाठी पुण्याला यावं लागो. पण एकदाच.

आता तुम्ही म्हणाल, इतकं करून मिळतं काय? अशा आजारांना औषध तरी असतं का?

दोन उदाहरणं घ्या. एका आजाराचं लघुनाव आहे ‘नेही’. २००५ मध्ये डॉक्टरांनी त्याचं हे नाव आणि वर्णन मांडलं. बाळ भराभर श्वास घेतं, ऑक्सिजन लागतो, स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. पण बहुतेक मुलं घरी ऑक्सिजन घेत घेत वाढतात आणि काही वर्षांत सुधारतात. याचा सीटी ठरावीक असतो: उजव्या फुप्फुसाचा मधला भाग, डाव्याचा त्याच्या जोडीचा भाग आणि हृदयालगतची पट्टी, इथे दुधी काच. बाकीचं फुप्फुस जवळपास स्वच्छ. २०१० मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. त्यात जाणकार रेडिऑलॉजिस्टांनी नुसत्या सीटीवरून ज्या ज्या बाळांना ‘नेही’ म्हटलं, ती सगळी खरोखरच नेहीची निघाली. बावीस टक्के त्यांच्या नजरेतून सुटली, पण चुकीचा शिक्का एकावरही बसला नाही. म्हणजे नीट काढलेला आणि नीट वाचलेला एक सीटी एखाद्या बाळाची छाती उघडून तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया टाळू शकतो. दुसरं टोक एबीसीए३ नावाच्या जनुकातल्या दोषाचं. तिथे दुधी काच दोन्ही फुप्फुसांत सर्वत्र पसरलेली असते आणि आजार जिवावर बेतू शकतो. तिथे लगेच जनुकीय तपासणी हवी आणि आईबापांशी खरं बोलायला हवं. दोन्ही बाळं दवाखान्याच्या बाकावर सारखीच धापा टाकत असतात. फरक दिसतो तो आतल्या चित्रात.

तिसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे रण माजलं ते आठवत असेल. वाद श्रद्धा आणि भूतदयेचा झाला, पण त्यामागचा आजार याच कुटुंबातला आहे: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पक्ष्यांची विष्ठा, पिसांची धूळ किंवा बुरशी सतत श्वासातून गेली की काहींची फुप्फुसं बंड करतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत आयएलडीच्या १०८४ प्रौढ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हाच प्रकार होता. मुलंही यातून सुटत नाहीत. २०२४ मध्ये दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कबुतरांमुळे आजारी पडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची हकिगत मांडली होती. शिरूर-दौंडला कबुतरखाना नसेल, पण पोल्ट्री आहेत, गुऱ्हाळं आहेत, साखर कारखाने आहेत. बुरशी धरलेल्या उसाच्या चिपाडांनी कामगारांना होणाऱ्या आजाराला तर ‘बगॅसोसिस’ असं खास नाव आहे. सीटी सांगेल की फुप्फुस रागावलंय. कशावर, ते सीटीला माहीत नसतं. त्यासाठी कुणीतरी विचारायला हवं: घराला लागून खुराडं आहे का? खिडकीत कबुतरं बसतात का? कूलरच्या जाळ्या कधी धुतल्या होत्या? लवकर कळलं तर अर्धा उपचार म्हणजे ती गोष्ट मुलापासून दूर करणं.

आणि इथे मी एआयवर येतो. पुण्यात आणि मुंबईत छातीचे एक्स-रे वाचणारं चांगलं सॉफ्टवेअर बनतं, टीबी शोधायला ते जगभर वापरलं जातं. अभिमानाची गोष्ट आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली ती पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी. कारण उघड आहे. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. वायुकोश जन्मानंतरही वाढत असतात, तान्ह्या बाळाच्या छातीतली थायमस ग्रंथीच एवढी मोठी असते की अनोळखी डोळ्याला ती गाठ वाटेल. मोठ्यांच्या आयएलडीत मधमाशीच्या पोळ्यासारखी जी खूण शोधतात ती मुलांत क्वचितच सापडते. आणि ट्रेनिंगला डेटा कुठून आणणार? दोन तालुक्यांत अकरा मुलं, तीही सापडली तर. त्यांचे सीटी लिफाफ्यात, लिफाफे कपाटावर. पाइपलाइन नसेल तर डेटा नाही, आणि डेटा नसेल तर मॉडेल नाही. शिडीची खालची पायरी न बांधता वरच्या पायरीला रंग द्यायचं काम चाललंय आपलं.

मग पाइपलाइन म्हणजे नेमकं काय? नवं काही शोधायचं नाही. वैद्यकीय चित्रांच्या फाईलींचं प्रमाण, डायकॉम, १९९३ पासून आहे. फाईलमध्ये चित्रासोबत वय, कापाची जाडी, मशीनची सेटिंग सगळं असतं. एक काप अर्धा एमबी. मिलिमीटरभर जाडीचे दीडशे काप धरले तर ७५ एमबी, म्हणजे शिरूरच्या एसटी स्टँडवर बसून पोरं बघतात त्या सिनेमापेक्षा कितीतरी लहान. नाव-गाव झाकायचं, फाईल चढवायची आणि आठवड्यातून एकदा बालरोगतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ती बघायची. युरोपातल्या डॉक्टरांनी या आजारांसाठी सामायिक नोंदवही आणि असा एकत्र सल्ला उभा केला, त्याचं बरंचसं काम म्युनिकमधून चालतं. दुर्मिळ आजाराचा जाणकार प्रत्येक गावात असू शकत नाही. पण फाईल प्रत्येक गावातून त्याच्यापर्यंत जाऊ शकते.

खालच्या टोकाला तर याहून स्वस्त गोष्टी लागतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे नेहमीची कारणं (जंतुसंसर्ग, हृदयदोष, श्वासनलिकेत दूध जाणं, प्रतिकारशक्तीचे दोष वगैरे) आधी बाजूला काढायची. मग चार गोष्टी बघायच्या: श्वासाच्या तक्रारी, तपासणीत दिसणाऱ्या खुणा, रक्तात कमी ऑक्सिजन, आणि एक्स-रे किंवा सीटीवर सर्वत्र पसरलेला बदल. चारातल्या तीन असतील तर आयएलडीचा विचार करायचा. यातल्या पहिल्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रातच कळतात! कोविडनंतर पल्स ऑक्सिमीटर सगळ्यांना माहीत आहे. फक्त तो बाळाच्या मापाचा हवा, आणि रीडिंग बाळ जागं असताना आणि झोपेत, दोन्ही वेळा घ्यायला हवं.

‘खेड्यात एवढ्या नोंदी कोण ठेवणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक पत्ता देतो. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक. हो, संभाजी महाराजांच्या समाधीचं. तिथे १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम उभं केलं, आणि २००२ पासून तिथली माणसं आसपासच्या २२ गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्या नोंदी ठेवत आली आहेत. नोंद ठेवणं ही शहरी माणसाची मक्तेदारी नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं नेमाने तेच ते करावं लागतं, इतकंच.

अकरा मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, हाही आक्षेप ऐकू येतो मला. एक तर ती अकरा मुलं कुणाची तरी आहेत. दुसरं, पाइप आजार बघून वाहत नाही. ज्या वाटेने या बाळाची फाईल जाईल त्याच वाटेने चौफुल्याजवळच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्याची जाईल, कुरकुंभच्या कामगाराची जाईल, टीबी झालेल्या आजीचीही जाईल.

तेव्हा आपल्यापुरतं दोन गोष्टी. एक, घरात किंवा नात्यात कुणाचाही सीटी निघाला तर फिल्मवर समाधान मानू नका. ‘डायकॉम फाईल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर द्या, बारीक कापांसकट’ असं तिथल्या तिथे मागा. बारीक काप बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत पुसले जातात, म्हणून तिथल्या तिथे. मागायला लाजू नका. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यावे लागतात. जुने एक्स-रेसुद्धा जपून ठेवा, कारण ‘आधी कसं होतं’ हे सांगणारं दुसरं काही नसतं.

दोन, हेल्थकेअरवाल्या प्रोजेक्टमध्ये असाल तर पुढच्या डेमोच्या आधी एवढंच विचारा: दौंडहून एका बाळाची ७५ एमबीची फाईल पुण्याच्या डॉक्टरपर्यंत न हरवता, न चेपता आणि नाव न फुटता पोचवून दाखवता येईल का? येत नसेल तर मॉडेलचं नंतर बघू.